घरात बारीक काळ्या अळ्या दिसल्या तर कशा ओळखायच्या

फिनाइल ओतायच्या आधी जरा थांबा अन् एखादी अळी पाण्यासकट पांढऱ्या वाटीत घ्या, वरून मोबाईलचा टॉर्च मारा. नुसत्या रंगावर जाऊ नका, लांबून सगळ्याच काळ्या दिसतात. कुठे सापडली अन् हलते कशी, हे बघायचं.

बाथरूमच्या मोरीपाशी, कमोडमधे, बेसिनच्या जाळीत असेल तर बहुतेक ड्रेन फ्लायची अळी. लांबी ४ ते १० मिमी, अंग राखाडी, पाठीवर काळपट पट्टे, पाय नाहीत. टाइल्सवर ते केसाळ पिटुकलं पाखरू बसलेलं असतं ना, तीच हिची आई. खात्री करायची तर रात्री जाळीवर सेलोटेप लावा, चिकट बाजू खाली अन् हवेला थोडी फट ठेवून, सकाळी पाखरं चिकटलेली दिसली की समजा आतच पैदास आहे. ॲसिड वरच्यावर वाहून जातं हो, अळ्या पाइपातल्या केसांच्या अन् साबणाच्या बुळबुळीत थरात असतात, तो थर लांब ब्रशने घासूनच काढावा लागतो. कमोडमधे दिसली की लोकांना वाटतं पोटातून पडली, पण पोटातले जंत सहसा पांढरट असतात, अन् लहान बाळाच्या शीमधले काळे दोरे पुष्कळदा केळ्याचे निघतात! तरी शंका असेल तर नमुना डॉक्टरांना दाखवा.

आता हौद अन् टाकी. इंदूरात नर्मदेचं पाणी एक दिवसाआड, म्हणून साठवणं आलंच. पाण्याच्या वरच्या थरात डोकं खाली करून लटकलेली, हाताची सावली पडली की झटके देत तळाला पळणारी ती डासाची. गरमीत आठ-दहा दिवसांत तिचा डास होतो, म्हणून कूलर, कुंडीखालची ताटली आठवड्यातून एकदा रिकामी करून कडा घासायच्याच, कारण डेंग्यूच्या डासाची अंडी कोरड्या कडेलाही महिनोन्‌महिने टिकतात. तळाच्या गाळात लाल किंवा मातकट, आठाच्या आकड्यासारखी वळवळणारी ती मिज नावाच्या माशीची, ही माशी डासासारखी दिसते पण चावत नाही. पिण्याच्या पाण्यात घालतो तेवढ्या क्लोरीनने ही अळी सहसा मरत नाही, टाकी उपसून गाळ काढा, झाकण घट्ट बसवा अन् ओव्हरफ्लोच्या पाइपाला बारीक जाळी बांधा. टाकीत फिनाइल मुळीच नको.

पावसाळ्यात भिंतीच्या कडेने चालणारा, हात लावला की गुंडाळी होणारा, पायच पाय असलेला तो पैसा नावाचा किडा, इथे इंदूरात गिजाई म्हणतात. चावत नाही, पण त्याच्या रसाने कातडी चुरचुरते, झाडूने सुपलीत भरून बाहेर टाका.

अळी नळातूनच पडतेय असं वाटलं तर महापालिकेच्या लाइनच्या डायरेक्ट नळाला मलमलचं फडकं बांधा अन् टाकीच्या नळालाही एक. फक्त टाकीच्या फडक्यात सापडली तर टाकीच धुवायची आहे, डायरेक्टवाल्यात सापडली तर फोटो काढून इंदूर महापालिकेच्या ३११ ॲपवर तक्रार टाका, तोवर पाणी गाळून उकळून प्या.