नागपूरच्या उन्हात रस्त्यावरच्या बेघर लोकांच्या मदतीला निघताना

बॅग भरायच्या आधी एरिया ठरवा, आणि एकच ठरवा. बर्डी (सीताबर्डी) घ्या, कॉटन मार्केट घ्या, स्टेशनच्या बाहेरचा भाग घ्या, जे जवळ पडेल ते, पण रोज तिथंच जायचं आणि त्याच माणसांना भेटायचं, कारण काल नीट बोललेला बाबा आज बरळतोय हे काल भेटलेल्यालाच कळतं, आणि उष्माघात ओळखायची सगळ्यात मोठी खूण तीच. दोघंजण जा, डोक्याला दुपट्टा बांधून, ११ च्या आधी एक चक्कर आणि जमलं तर दुपारी दुसरी.

पाण्याचा जार सगळेच नेतात, रिकाम्या झाकणवाल्या बाटल्या मात्र राहून जातात. ज्याच्याकडे भांडं नाही तो पाणी घेणार कशात? पाणपोई दोन चौकांवर असली तरी तो जात नाही, परत येईपर्यंत गाठोडं जाग्यावर राहील याची खात्री नसते ना. ओआरएसची मोठी पुडी १ लिटरमध्ये पूर्ण टाकायची असते, ग्लासात चिमूटभर नाही, म्हणून लिटरची बाटली सोबत ठेवा. पुड्या संपल्या तर १ लिटर पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. ताक, पन्हं पण चालतं, फक्त लवकर वाटून टाका.

चपला घ्या वेगवेगळ्या मापाच्या, दुपारच्या डांबरावर पाय अक्षरशः भाजतात. सुती दुपट्टे घ्या. भर मे महिन्यात स्वेटर घातलेला माणूस दिसला तर ओढून काढायला लावू नका, ठेवायला जागा नाही म्हणून तो अंगावर घालतो, त्याला एक चांगली पिशवी द्या. मानसिक आजाराच्या काही गोळ्यांनी घाम कमी येतो, त्या आपण बंद करायला सांगायच्या नाहीत, पण अशा माणसाकडे दोनदा जा. आणि प्लीज, कोणी पडलेला दिसला तर पिऊन पडलाय म्हणून पुढे जाऊ नका, हाक मारा, हात लावून बघा.

अंग तापलेलं आणि बोलणं विस्कटलेलं असेल तर लगेच १०८ लावा, पत्ता म्हणून मेट्रोच्या पिलरचा नंबर सांगा, आणि अँब्युलन्स येईपर्यंत नुसतं बघत बसू नका, सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओतत राहा, वारा घाला. शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी अजिबात घालायचं नाही, आणि तापाची गोळी इथं कामाची नाही.

मनपाच्या बेघर निवाऱ्याचा पत्ता आधीच काढून ठेवा. मोठ्या शहरांत १ लाख लोकसंख्येमागे एक निवारा हवा, तो पण वर्षभर २४ तास उघडा, असं सुप्रीम कोर्टानं २०१० मध्येच सांगितलंय, त्यामुळे दिवसा आत बसू देतात का, कूलर चालू आहे का, बायकांची सोय वेगळी आहे का हे स्वतः जाऊन बघा, नाहीतर आपल्या शब्दावर तिथवर चालत गेलेला माणूस दारातून परत येतो.

निघताना त्यांची बाटली पुन्हा भरून द्या, फुटपाथ रात्री उशिरापर्यंत तापलेलाच असतो आणि तोवर चहाची टपरी बंद झालेली असते.