पावसाळ्याआधी प्रभागाचा नकाशा: पुण्यासाठी तयारीची यादी

पुराचं पाणी प्रभागात कुठे शिरतं हे दाखवणाऱ्या नकाशाचं काम मे संपायच्या आत हातावेगळं करा. जूनमध्ये घाईघाईने केलेला नकाशा कार्यालयाच्या भिंतीवरच शोभतो.

सुरुवातीलाच नदी आणि ओढा वेगळे काढा. मुठा नदीचं पाणी बरंचसं खडकवासला धरणाच्या विसर्गाबरोबर, म्हणजे सोडलेल्या पाण्याबरोबर, चढतं, त्यामुळे थोडी तरी आधी खबर लागते. ओढ्याला धरण नसतं. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजच्या बाजूला कोसळलेला पाऊस आंबिल ओढ्यातून थेट अरण्येश्वर, टांगेवाला कॉलनीत शिरला, तेव्हा कळवायला विसर्गाचा आकडाच नव्हता.

नदीच्या नकाशावर निळी आणि लाल पूररेषा घ्या: निळी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. पण रेषेपाशी पाणी थबकत नाही. माझ्या मते पूररेषेपेक्षा उपयोगाचा असतो तो क्युसेकचा (सेकंदाला किती घनफूट पाणी सुटतं त्याचा) तक्ता: इतका विसर्ग सुटला की भिडे पूल बुडतो, त्याहून वाढला की अमुक सोसायटीचं पार्किंग, मग तमुक गल्ली. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावरच्या एकता नगरीत पाणी शिरलं. तिथे कोणत्या इमारतीत किती वाजता कुठवर चढलं, हे रहिवाशांना विचारून भिंतीवरच्या खुणांसकट मोजून घ्या. धरणाच्या खालच्या भागात पडलेला पाऊसही नदीतच येतो, म्हणून त्या दिवसाचा पाऊस विसर्गाशेजारच्या रकान्यात लिहा.

आता उंची. इथे फसगत होते, म्हणून जरा सावकाश. उपग्रहावरून मोफत मिळणारी उंचीची माहिती साधारण ३० मीटरच्या चौकोनांत असते. दहा मीटरचा ओढा त्या चौकोनात गडप होतो, वर इमारतींचे माथे जमीन म्हणून मोजले जातात. ड्रोनने किंवा टोटल स्टेशनने (जमीन मोजणीच्या दुर्बिणीसारख्या यंत्राने) निदान ओढ्याचे काठ आणि पुलांचे तळ मोजून घ्या. जीपीएसची उंची (ती पृथ्वीच्या गणिती आकारापासून मोजलेली असते) आणि समुद्रसपाटीपासूनची उंची एकाच नकाशात मिसळू नका. पुण्यात दोन्हींत ५० मीटरहून जास्त फरक पडतो. एवढ्या चुकीत पर्वतीची अर्धी टेकडी बुडते!

मग संगणक बंद करून चालायला लागा. प्रत्येक मोरी, प्रत्येक कलव्हर्ट (रस्त्याखालचा छोटा पूल), राडारोडा टाकून अरुंद झालेला प्रत्येक काठ फोटोसकट टिपा. नालेसफाई झाल्यावर पुन्हा एक फेरी मारा. नवी सीमाभिंत दिसली तर ती आवर्जून दाखवा, कारण भिंत पाणी अडवते आणि मग एकदम सोडते.

माणसांचा थर शेवटी चढवा. तळघरात राहणारे वॉचमन, अंथरुणाला खिळलेले रुग्ण, बसक्या चाळी. सार्वजनिक प्रतीवर मात्र नावं नकोत, फक्त संख्या. विजेचे डीपी, निवाऱ्याची शाळा आणि तिची किल्ली रात्री कुणाकडे असते, तेही हवं.

२०१६ साली स्मार्ट सिटीच्या पहिल्या २० शहरांत पुणं निवडलं गेलं, त्यामुळे भिंतीएवढ्या पडद्यांची सगळ्यांना हौस आहे. असू द्या. तरी एक कागदी प्रत लॅमिनेट करून प्रत्येक चौकीत ठेवा, आणि छापण्याआधी ती खोलीतले दिवे मालवून मोबाइलच्या टॉर्चखाली वाचून बघा. फिकट निळ्या छटा दिसत नाहीत. रेषा जाड आणि काळ्या करा.