वारशाच्या जोरावर गावात पाहुणे आणायचेत? या चुका टाळा

अमेरिकेतल्या उत्तर कॅरोलिना राज्यातलं चेरोकी हे छोटं गाव स्मोकी पर्वताच्या राष्ट्रीय उद्यानाला खेटून आहे. इथले मूळ रहिवासी, म्हणजे चेरोकी जमातीचे लोक, तंबूत राहणारे कधीच नव्हते. त्यांची घरं कुडाला माती लिंपलेली, पुढे लाकडी ओंडक्यांची. तरी गेल्या शतकात इथल्या दुकानांपुढे टिपी, म्हणजे शंकूसारखे तंबू, उभ्या राहिल्या आणि पिसांचे लांबलचक टोप घालून माणसं पर्यटकांबरोबर फोटो काढून घेऊ लागली. टिपी आणि टोप दोन्ही दूरच्या गवताळ मैदानातल्या, बायसनच्या (रानगव्यासारख्या जनावराच्या) कळपांमागे फिरणाऱ्या जमातींचे. पण सिनेमातला 'इंडियन', म्हणजे अमेरिकेतला मूळ रहिवासी, तसा दिसायचा आणि गिऱ्हाइकाला तोच हवा होता. पोटासाठी ज्यांनी टोप चढवला त्यांना मी नावं ठेवणार नाही. चूक आहे ती पाहुण्याच्या डोक्यातलं चित्र गावात उभं करण्याची. ते चित्र शेजारच्या गावालाही उभं करता येतं, मग लोकांनी तुमच्याकडेच का थांबावं?

यावरचा उतारा त्याच गावात सापडतो. रस्त्यांच्या पाट्यांवर आता चेरोकी लिपी आहे, सिक्वोया नावाच्या चेरोकी माणसाने १८२१ च्या सुमारास पूर्ण केलेली. यातलं इंग्रजी 'डी'सारखं दिसणारं अक्षर 'आ' वाचायचं, 'डब्ल्यू'सारखं दिसणारं 'ला'. ओळखीचं वाटणारं अक्षर भलताच आवाज काढतं, तेव्हा माणूस पाटीखाली थबकतोच. शिवाय पाहुणे नसले तरी ती पाटी गावातल्या पोरांच्या कामाची.

माल विकताना घोळ होतो तो 'नेटिव्ह', म्हणजे मूळ रहिवाशांचं, या शब्दाचा. मूळ रहिवाशांच्या कुठल्याही जमातीच्या नसलेल्याने बनवलेली वस्तू त्यांची म्हणून विकणं अमेरिकेत १९९० च्या कायद्याने गुन्हा आहे. चेरोकीत क्वाला नावाची कारागिरांची सहकारी संस्था १९४६ पासून चालते. तिथली नदीकाठच्या बारीक बांबूची, दुहेरी विणीची टोपली नीट पाहा: वीण आतल्या बुडापासून वर येते, काठावर वळते आणि बाहेरून खाली उतरते, म्हणजे टोपलीतच टोपली. काळपट रंग अक्रोडाचा. हे सांगणारं माणूस शेजारी नसेल, तर किंमत ऐकून गिऱ्हाईक पळणारच.

सगळंच उघडं ठेवू नका. अमेरिकेच्याच न्यू मेक्सिको राज्यातलं ताओस प्वेब्लो हे मूळ रहिवाशांचं जुनं गाव १९९२ पासून जागतिक वारसा यादीत आहे, तरी हिवाळा सरता सरता काही आठवडे पाहुण्यांना बंद असतं, आणि सणाच्या दिवशी कॅमेरा चालत नाही. पर्यटक कुरकुरतात, पण येतात.

गर्दी आहे पण गावात पैसा दिसत नाही, अशी तक्रार असेल तर आधी मालकी तपासा. अलास्कातल्या हूना गावाजवळ १९१२ चा साल्मन मासे डबाबंद करण्याचा जुना कारखाना आहे. २००४ पासून तिथे क्रूझ जहाजं थांबतात. तो थांबा तिथल्या मूळ रहिवाशांच्या, त्लिंगिट जमातीच्या भागधारकांच्या स्वतःच्या कंपनीचा आहे.