आधी खुर्ची फिरवा, मग बाक बांधा

नवी मुंबईत नेरूळच्या आमच्या रो-हाउसमागे १५ बाय २० फुटांची मोकळी जागा आहे. राहायला आलो त्याच वर्षी हौसेनं पूर्वेच्या कुंपणाला टेकून सिमेंटचा बाक बांधून घेतला. तोंड पश्चिमेला. एप्रिल-मेमध्ये संध्याकाळचं ऊन थेट डोळ्यांत, जूनपासून पावसाची झड थेट तोंडावर. बाकावर माणसं कमी आणि वाळत घातलेली पायपुसणी जास्त बसायची. पाचव्या वर्षी तो फोडला. तुमचे पैसे वाचावेत म्हणून अंगण लावायचा हा क्रम.

पहिलं वर्ष: बघायचं

काहीही पक्कं बांधू नका. प्लास्टिकची एक खुर्ची घ्या आणि चहाचा कप हातात घेऊन ती अंगणभर फिरवत बसा. वर्षभरात ती जिथे सगळ्यात जास्त वेळा जाऊन थांबेल, ती तुमची बसायची जागा.

ऊन नीट समजून घ्या. आपण साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहोत. मेच्या मध्यावर आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. मधल्या काळात तर तो किंचित उत्तरेकडे असतो. डिसेंबरात मात्र तो दक्षिणेला इतका कलतो, की १० फुटी भिंतीची सावली भर दुपारीही उत्तरेला ९ फूट पडते. त्यामुळे घराच्या उत्तरेला अंगण असेल, तर मेमध्ये भाजणारा कोपरा डिसेंबरात दिवसभर गारठलेला सापडतो. मे आणि डिसेंबर, दोन्ही वेळा खडूनं सावलीच्या रेघा मारून फोटो काढून ठेवा.

पहिल्या जोरदार पावसात छत्री घेऊन बाहेर या. पाणी कुठे तुंबतं तिथे काठ्या रोवा. त्याआधी मेमध्येच हातभर खोल खड्डा खणून बघा. आमच्याकडे वीतभर मातीखाली नुसतं राबिट निघालं, विटांचे तुकडे आणि मुरूम. या वर्षी तुळस, गवती चहा, ओवा, कढीपत्ता एवढंच, तेही कुंड्यांत. कुंड्या हलवता येतात, हे महत्त्वाचं.

दुसरं वर्ष: आधी झाडं, दिवाळीनंतर फरशी

झाडांना वेळ लागतो, म्हणून पहिला मान त्यांचा. मेमध्ये २ बाय २ बाय २ फुटांचे खड्डे खणा, आठ-दहा दिवस ऊन खाऊ द्या. मग राबिट बाजूला काढून तांबडी माती, शेणखत आणि ओंजळभर निंबोळी पेंड यांनी भरा. एक-दोन पाऊस पडून गेले की रोप लावा.

बसायच्या जागेच्या पश्चिमेला झाड हवं, म्हणजे दुपारनंतरचं ऊन तेच अडवेल. कलमी सोनचाफा त्यासाठी उत्तम. फुलंही लवकर धरतो. लिंबू जरूर लावा, पण काटे आहेत, बाकापासून लांब. शेवग्याचा मोह मात्र आवरा. त्याचं लाकूड ठिसूळ, वाऱ्यात फांदी मोडते, आणि पावसाळ्यात खोडावरचे सुरवंट खाली बसलेल्याच्या मानेवर उतरतात. मोठं होणारं झाड भिंतीपासून आणि ड्रेनेजच्या चेंबरपासून निदान ८-१० फूट दूर ठेवा. पुढे ते नडलं तरी परस्पर तोडता येत नाही. १९७५च्या राज्याच्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार स्वतःच्या अंगणातल्या झाडालाही वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते.

फरशीची घाई का नको? खणलेली माती एका पावसाळ्यात दबते. त्याआधी फरशी घातली तर ती खचलीच म्हणून समजा. दिवाळीनंतर जागा धुम्मसानं ठोकून घ्या, ४ इंच खडी, वर २ इंच कच (खडीचा बारीक चुरा), त्यावर जांभ्याचे चिरे किंवा शहाबादी फरशी. उतार घरापासून बाहेर, दर १० फुटांना दीड इंच. सांध्यांत सिमेंट भरू नका, बारीक कच भरा. पाणी तिथूनच जिरतं. शहाबादीची खडबडीत बाजू वर हवी. काळा कडाप्पा दगड मेमध्ये तव्यासारखा तापतो, त्याच्या वाटेला जाऊ नका. चिऱ्यावर पावसाळ्यात शेवाळ येतंच. तारेच्या ब्रशनं घासायची तयारी ठेवा, विशेषतः घरात म्हातारं माणूस असेल तर.

तिसरं वर्ष आणि पुढे

आता मांडव. बांबूचा मांडव स्वस्त, पण दोन पावसाळ्यांत बुडाशी कुजतो. जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाइपचा करा. मधुमालती पसरायला वर्ष-दीड वर्ष घेते, तोवर त्याच मांडवावर जूनमध्ये घोसाळी आणि दुधी सोडा. आमच्या सासूबाईंना हाच टप्पा सगळ्यात आवडला, कारण बसल्या जागी भाजी काढता येते.

बाक बांधायचा तो आत्ता, खुर्चीनं दाखवलेल्या जागी. उंची दीड फूट, बैठक दीड फूट रुंद, आणि पाणी निथळायला पुढे किंचित उतार. आमचा नवा बाक पश्चिमेच्या भिंतीला पाठ लावून, पूर्वेकडे तोंड करून आहे.

डासांचं मात्र दर आठवड्याला बघावं लागतं. कुंड्यांखालच्या बशा पावसाळ्यात काढूनच टाका. कमळाचं टाकं ठेवायचं असेल तर त्यात गप्पी मासे सोडा. आणि मेच्या अखेरीस मधुमालती निम्म्यानं छाटा, नाहीतर भिजलेल्या वेलीच्या वजनानं पहिल्याच वादळी पावसात मांडव वाकतो. आमचा एकदा वाकला आहे.