ऑन्टारिओला निघालेल्या इंदूरकर पालकांसाठी : मुलांसह हंगामातील पहिली स्नोमोबाईल

दर दिवाळीला मी इंदूरला आलो की लोकमान्य नगरातल्या आमच्या घरी कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांताला निघालेले एखादे तरी कुटुंब भेटायला येते, आणि घरभाडे, शाळा व हेल्थ कार्ड यांची चौकशी आटोपली की मुले हळूच स्नोमोबाईलचा, म्हणजे पुढे घसरपट्ट्या आणि खाली फिरता पट्टा असलेल्या बर्फावरच्या इंजिनाच्या गाडीचा, विषय काढतात. पालकांनाही ती बर्फावर चालणारी स्कूटरच वाटते. तिथे १६ हिवाळे काढल्यावर मला सर्वांत आधी हाच समज दूर करावासा वाटतो.

इंदुरात आपण लहान मुलाला स्कूटरवर पुढे उभे करून राजवाड्यापर्यंत सहज नेतो. स्नोमोबाईलवर मात्र पुढे बसलेल्या मुलाचा हात अंगठ्याने दाबायच्या थ्रॉटलवर (वेग वाढवायच्या कळीवर) केव्हाही पडू शकतो. म्हणून दोघांसाठी बनवलेल्या गाडीवरच मुलाला न्यावे, मागे बसवावे आणि त्याचे पाय खालच्या फळ्यांवर नीट टेकतात की नाही हे आधी पाहावे. टेकत नसतील, तर तो हिवाळा घसरगाडीवर काढावा. कॅनेडियन पीडिअॅट्रिक सोसायटी या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या सल्ल्याप्रमाणे ६ वर्षांखालील मुलांना मागेही बसवू नये आणि १६ वर्षांखालील मुलांनी गाडी चालवू नये. कायदा इतका कडक नाही. ऑन्टारिओत १२ वर्षांच्या मुलाला परवाना काढून आखलेल्या वाटांवर गाडी चालवता येते. सार्वजनिक रस्त्यावर आणण्यासाठी मात्र १६ वर्षे पूर्ण व्हावी लागतात. मी डॉक्टरांचे ऐकले, आणि त्यासाठी मुलीचा रुसवा दोन हिवाळे सोसला.

थंडीचा हिशेबही इथून लागत नाही. उणे १५ अंशांत ताशी ५० किलोमीटर वेगाने गेल्यास उघड्या त्वचेला उणे २९ अंशांइतकी थंडी जाणवते. चालकाचे हात तापणाऱ्या हँडलवर असतात आणि शरीर सतत हलत असते; मागचे मूल निश्चल बसून गारठते, आणि इंजिनाच्या आवाजात त्याचे रडणे ऐकू येत नाही. पहिल्या वर्षी माझ्या मुलीच्या बाबतीत हेच घडले. तिच्या पापण्यांवर गोठलेले पाणी मला गाडी थांबवल्यावर दिसले. तेव्हापासून आमच्यात ठरले आहे की पाठीवर दोन थापा पडल्या की मी काहीही न विचारता थांबायचे. अंगालगत सुती कपडा नको, कारण तो घाम धरून ठेवतो. लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा घालावा. आजीने विणलेला मफलर घरीच ठेवावा, कारण त्याचे मोकळे टोक फिरत्या पट्ट्यात अडकू शकते. (आजीला हे समजावणे परवाना मिळवण्याहून अवघड आहे.) गळ्याभोवती घट्ट बसणारी लोकरी नळी चालते. हेल्मेट दोघांनाही कायद्याने सक्तीचे आहे आणि ते स्नोमोबाईलचे किंवा मोटरसायकलचे हवे. सायकलचे चालत नाही.

पहिली फेरी तळ्यावर मुळीच नको. हंगामाच्या सुरुवातीला बर्फावर साचलेला हिम पांघरुणासारखा राहून खालचे पाणी गोठू देत नाही, आणि झरा किंवा प्रवाह असेल तिथे थर पातळ राहतो. स्नोमोबाईलसाठी कॅनेडियन रेड क्रॉस २५ सेंटिमीटर जाडी सांगते, पण मुलाला घेऊन ती मोजत बसण्यापेक्षा स्नोमोबाईल क्लबांनी आखलेली जमिनीवरची वाट धरावी. त्या वाटांसाठी चालवण्याच्या परवान्याखेरीज वेगळे परमिट लागते, आणि त्यांच्या नकाशावर लाल रंग दिसला तर वाट बंद आहे असे समजून घरी राहावे. पिवळा रंग असला, तर वाट खुली असते पण कुठे दगड, कुठे चिखल उघडा असतो. मुलांना घेऊन मी तेव्हाही जात नाही.

हिरवा रंग दिसला तरी पहिल्या दिवशी १५ मिनिटांपेक्षा जास्त फेरी मारू नये, आणि गाडीचे इंजिन बंद गॅरेजमध्ये न तापवता बाहेर अंगणात तापवावे, कारण त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसला तरी तो जीव घेतो. खाऊ जाकिटाच्या आतल्या खिशात ठेवावा, नाहीतर पोळीही दगडासारखी होते. आमच्याकडे इंदूरहून नेलेली शेव चालते. ती गोठत नाही.