पेन्सिलीच्या आधी चिंचोके

बडोद्यात दांडिया बाजारातल्या एका बालवाडीत मी नोकरीला लागले आणि पहिल्याच आठवड्यात साडेतीन-चार वर्षांच्या मुलांपुढे पाट्या-पेन्सिली मांडल्या. चार रेघा ओढून झाल्या की मुलं हात झटकायची. जुन्या बाईंनी पेन्सिली उचलल्या, इडलीपात्र आणलं आणि वाडगाभर चिंचोके, राजमा, वाल एकत्र करून ठेवले. मुलांनी ते निवडून इडलीपात्राच्या वेगवेगळ्या खळग्यांत टाकायचे.

नव्याने या कामात येणाऱ्यांना माझं सांगणं आहे, मुलाने दाणे बरोबर निवडले का हे नंतर बघा, आधी बोटं बघा. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट पुढे पेन्सिल धरणार आहेत, तीच इथे कामाला लागतात. एका मुलीच्या हातून चिंचोका तीनदा निसटला. चौथ्यांदा तिने त्याच्या कडेखाली नख सरकवलं आणि अलगद उचलला. मी मदतीला हात पुढे केला असता तर ती युक्ती तिला सापडलीच नसती. चिमूट पक्की झाली की चिमटा द्या, पण हलका. ताठ चिमटा दिला की मुलं तो मुठीत आवळतात.

रंगांच्या बटणांत मी फसले. ‘निळी वेगळी कर’ म्हटलं की एक मुलगा हिरवी काढायचा. गुजरातीत हिरव्याला लीलो म्हणतात, त्याच्या कानाला दोन्ही सारखंच! तेव्हापासून मी रंगाचं नाव घेत नाही, प्रत्येक खळग्यात नमुन्याचं एक बटण ठेवते. आधी फक्त रंग किंवा फक्त आकार. दोन्ही एकदम नंतर.

तीन वर्षांच्या आतल्यांना दाणे-बटणं देऊच नका. त्यांना कांदे-बटाटे, मोजे, वाट्या-चमचे पुरतात. मोठ्यांच्याही शेजारी बसून राहा, दाणे मोजून द्या, मोजून घ्या. आमच्याकडे एकाने नाकात हरभरा घातला होता. ओलाव्याने तो फुगतो, आणि आपण काढायला गेलो तर आणखी आत जातो. सरळ डॉक्टरांकडे न्यावं.

पालक विचारतात, घरी काय घ्यायचं? विकत काहीच नाही. थंडीत ओल्या तुरीच्या शेंगा येतात, सोलायला मुलाला शेजारी घ्या. शेंग दाबून फोडायची, चांगला दाणा एका वाटीत, किडका दुसरीत. दहा मिनिटांत उठून गेलं तर जाऊ द्या.