सायट्रिक आम्लाने मातीतले जड धातू कसे धुवावेत

शिसे, कॅडमियम, तांबे, जस्त मातीत कुजत नाहीत. ते एकतर तिथेच राहतात, नाहीतर दुसरीकडे जातात. म्हणून कामाला हात घालण्याआधी ठरवा: सुटलेला धातू धरून ठेवायचा कशात? उघड्या जमिनीवर आम्ल कधीही ओतू नका. मोकळा झालेला धातू पाण्याबरोबर झिरपत भूजलात उतरतो आणि तिथून तो परत काढणं फार अवघड असतं.

सुरुवात माती परीक्षणाने. वरच्या 15 सेंटिमीटर थरातून ठिकठिकाणचे नमुने घेऊन मिसळा. धातूंचं एकूण प्रमाण, सामू (pH, म्हणजे माती किती आंबट ते) आणि चुनखडी तपासून घ्या. अहवालात पारा, आर्सेनिक किंवा हेक्साव्हॅलंट क्रोमियम (क्रोमियमचं जास्त विषारी रूप) निघालं, तर ही पद्धत सोडून तज्ज्ञांकडे जा. आर्सेनिकला सायट्रेट (सायट्रिक आम्लाचं पाण्यात विरघळलेलं रूप) धरत नाही. उलट लोहाची ऑक्साइडं विरघळली की त्यांना चिकटलेलं आर्सेनिक सुटतं.

सायट्रिक आम्लाच्या रेणूतले तीन कार्बॉक्सिल गट धातूच्या आयनाला कवेत घेतात आणि मातीच्या कणावरून सोडवतात. कॅडमियम, जस्त, तांबे बऱ्यापैकी निघतात, शिसं कमी. शिशावर ईडीटीए (धातू धरून ठेवणारं कृत्रिम रसायन) जास्त प्रभावी आहे, पण ते मातीत दीर्घकाळ टिकतं. सायट्रेट जिवाणू थोड्याच दिवसांत खाऊन टाकतात, म्हणून माझी पसंती त्यालाच.

आधी छोटी चाचणी घ्या. हातमोजे, चष्मा आणि धुळीसाठी मास्क घाला. प्लास्टिकच्या भांड्यात 1 लिटर पाण्यात 10 ग्रॅम सायट्रिक आम्लाची पावडर विरघळवा, म्हणजे साधारण 0.05 मोलर (मोलर हे रसायनशास्त्रातलं तीव्रतेचं माप) द्रावण होतं. लिंबाचा रस नको, त्यात आम्ल नेमकं किती ते कळत नाही. या द्रावणात 2 मिलिमीटरच्या चाळणीतून काढलेली 100 ग्रॅम कोरडी माती टाका. फेस आला तर समजा आम्ल चुनखडीतच खर्ची पडतंय; अशा मातीत ही पद्धत महागात पडते. दिवसभर अधूनमधून ढवळा, गाळ बसू द्या, वरचं पाणी गाळून घ्या. उरलेली माती साध्या पाण्याने दोन-तीनदा धुवा. हे धुण्याचं पाणीही दूषितच, तेही साठवा. मग मातीची पुन्हा तपासणी करा. चिकणमातीत धातू घट्ट बसलेले असतात, त्यामुळे तिथे फरक कमी दिसेल.

सगळ्यात अवघड भाग त्या पाण्याचा. चुना घालून सामू चढवला तरी धातू पूर्णपणे खाली बसत नाहीत, कारण सायट्रेट त्यांना सोडत नाही. म्हणून ते गटारात किंवा झाडांना न घालता झाकणाच्या प्लास्टिक कॅनमध्ये भरा, वर चिठ्ठी लावा आणि धोकादायक कचरा हाताळण्याचा परवाना असलेल्यांकडेच द्या. गाळणीचा कागदही त्यांच्याकडेच.

धुतलेल्या मातीतून कॅल्शियम आणि मॅग्नेशियमही निघून जातात, ती आंबट होते. सामू 6.5 च्या आसपास येईपर्यंत चुना द्या, भरपूर कंपोस्ट मिसळा. नव्या तपासणीत धातू मर्यादेत आल्याशिवाय तिच्यात खाण्याचं काहीही लावू नका.